चिंचोक्यांचा जिन

२३ ऑक्टोबर १९५८, गुरुवार

रुपचंद चेअरमन झाला! हार घातले त्याला. पेढे वाटले. एक पेढा माझ्याही घरी आला — गाईला घातला. गाय पवित्र करून घेईल.

गावात कापसाचा सहकारी जिन होणार. शेतकऱ्यांचा स्वतःचा. सरकी इथेच निघणार, रुईच्या गाठी इथेच बांधणार, एरंडोलपर्यंत बैल दमवायला नकोत. चांगलं आहे की! पण त्याच्या डोक्यावर रुपचंद? आणि आराखडा कोण करणार — तर माझा लीलाधर. पुण्याहून इंजिनियर होऊन आलेला माझा नातू त्या माणसापुढे 'हो साहेब' म्हणत उभा राहणार!

ही वही लीलाधरनेच दिली. "आजी, ओट्यावर बसतेसच. रस्त्याने बैलगाड्या केव्हा नि किती जातात तेवढं लिही." मी चौथी शिकलेली, धुळ्याला मामाकडे. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, पण वाचता येतं. गाड्या लिहिते. पण वही जाडजूड नि गाड्या थोड्या. उरलेल्या पानांत माझं पोटातलं.

गाड्या आज — सकाळी सात, दुपारी एक.

२५ ऑक्टोबर

मी रुपचंदचं तोंड का बघत नाही ते एकदा लिहूनच टाकते.

स्वराज्य आलं त्या साली, दिवाळीनंतर, मोसमाच्या मुहूर्ताच्याच दिवशी गावातला शेठचा जिन पेटला, तो परत उभा राहिलाच नाही. अकरा घरांच्या पहिल्या गाड्या होत्या, अकराही जळाल्या. त्यात आमचीही. धुरपदाबाई पाचव्या यंत्रात कापूस घालायला बसायची, तिचा उजवा हात जळाला. बोटं चिकटली ती चिकटलीच. अजून भाकरी डाव्या हाताने थापते. आणि काय थापते! माझ्या दोन हातांनी तशी कळण्याची भाकरी येत नाही.

हे तिथे फिटर होते. (हे म्हणजे लीलाधरचे आजोबा. नाव मी घेत नाही, वहीतसुद्धा नाही.) रुपचंद मुकादम. त्याने शेठसमोर, फौजदारासमोर सांगितलं — "फिटर पाचव्या यंत्रापाशी बिडी ओढत होता. मी डोळ्यांनी पाहिलं."

बिडी! जन्मात ह्यांनी बिडीला हात लावला नाही. तंबाखू खायचे, चुना लावून. पितळी चुन्याची डबी कायम सदऱ्याच्या खिशात, झाकणावर मोर. ती डबीसुद्धा त्या दिवसापासून दिसली नाही.

आणि हे एक शब्द बोलले नाहीत. खाली मान घालून उभे. सरळ माणूस, खोट्यापुढे जीभ उचलेना. नोकरी गेली. दुसऱ्या कुठल्या जिनाने दारात उभं केलं नाही. आम्ही 'बिडीवाले' झालो. लीलाधरला शाळेत पोरं 'ए बिडी, काडी देऊ का' म्हणायची. चार वर्षांत हे गेले. तिरडी उचलताना मागून कोणीतरी म्हणालं, "आता खरी पेटली बिडी." ऐकलं मी. तेव्हाच ठरवलं — रुपचंदला चारचौघांत खोटा पाडल्याशिवाय मरायचं नाही.

त्या दिवशी मीसुद्धा गेले होते, आमच्या पहिल्या गाडीवर बसून (रांगेत दहावा नंबर), नवं लुगडं नेसून. पहिल्या गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा, बैलाच्या नालेचा खिळा नि मिरची काळ्या दोऱ्याने बांधायची, कापसात खोल खोचायची, आणि जिनाच्या गेटवर काढून तिवाठ्यावर टाकायची. ही आमची रीत. गावातल्या निम्म्या गाड्यांना माझ्याच हातची गाठ लागते. तीन पदरी! तर गेटवर धुरपदा भेटली. तिच्या लेकीला दोंडाईच्याचं स्थळ आलेलं, मुलगा स्टेशनात कामाला. काय बोललो, काय बोललो! भोंगा झाला तरी पुरेना. शेवटी रुपचंद ओरडला — "बाई, यंत्र काय तुझी सासू चालवेल?" तेव्हाही तोंड असंच होतं मेल्याचं.

२८ ऑक्टोबर

आज हसून हसून पुरेवाट. इंजिनियर नातू जमिनीवर बसून चिंचोके खेळतो!

मोठा पुठ्ठा. त्यावर गेट, वजनकाटा, आवार, यंत्रांच्या जोड्या, गाठी दाबायचा प्रेस, सगळं रेघांनी काढलेलं. चिंचोका म्हणजे एक गाडी कापूस. दर अर्ध्या तासाला एक चिंचोका गेटातून आत, मग आवारात, मग रिकाम्या जोडीवर, तीन तासांनी प्रेसकडे. त्याला तो 'नमुना' म्हणतो. 

"अरे, ह्याने काय होणार?"

"आजी, खरा जिन बांधून मग चूक कळली तर लाखाची. इथे कळली तर एक चिंचोका इकडचा तिकडे. आवारात कापूस किती तुंबतो ते बघतोय. तुंबलेला कापूसच पेटतो. इथे जळू दे, म्हणजे तिथे जळणार नाही."

इथे जळू दे! माझ्या लेकराला कोणी शिकवलं असेल हे. दृष्ट काढली त्याची.

३० ऑक्टोबर

मी नातवाची चूक काढली! पुण्याच्या कॉलेजाची चूक काढली!

तो दर अर्ध्या तासाला एक गाडी सोडत होता. म्हटलं, "गाड्या काय घड्याळ बांधून येतात? माझी वही बघ. उजाडता पाच एकदम. मग कोणी कुत्रं नाही. आठवडी बाजाराला तर दुपारनंतर सगळे झिंगलेले." तो वही बघतच राहिला. मी आतून कवड्या आणल्या. सहा. "टाक. जितक्या उताण्या पडतील तितक्या गाड्या. सगळ्या पालथ्या पडल्या तर पट्टा तुटला समज, एक जोडी बंद."

दिवसभर टाकल्या. आवार तीनदा तुंबलं, कारण रुपचंदला पैसे वाचवायला आवार लहान हवंय. लीलाधर नाचायचा बाकी होता. "आजी, हेच तर मला कागदावर जमत नव्हतं!"

एकदा मी मुद्दाम सहाच्या सहा उताण्या पाडल्या. मला येतं ते, लहानपणापासून. त्याने हात धरला. "आजी! नमुन्यात हात मारायचा नाही. मग तो आपल्याला हवं ते सांगतो, खरं सांगत नाही."

बरं बाबा.

१ नोव्हेंबर, शनिवार

वांगी भाजता भाजता डोक्यात आलं. भरीत करपलं, पण आलं.

विचारलं त्याला — "होऊन गेलेला दिवस मांडता येतो का रे?"

"येतो की. कवड्या टाकायच्या नाहीत, जे घडलं तेच ठेवायचं. मधलं आठवत नसेल ते नमुना भरून देतो. अमुक झाल्याशिवाय तमुक होत नाही, एवढं माहीत असलं की पुरे."

"मग मांड. शेठचा जिन, आगीचा दिवस."

चिंचोके मुठीत गोळा केले. मग म्हणाला, "आजी, काय निघेल ते सांगता येत नाही हं."

मला येतं!

२ नोव्हेंबर

स्वप्नात रुपचंद शेपूट घालून पळत होता. फार बरं वाटलं.

४ नोव्हेंबर

धुरपदाबाईला बोलावलं. आधी चहा, मग शेव, मग कामाची गोष्ट. तिला सगळं लख्ख आठवतं, हात जळालेल्याला आठवणारच. "आक्का, तो दिन मी कसा भुलसू?"

तिने सांगितलं ते असं. आठ यंत्रं, दोन-दोनच्या चार जोड्या, एका जोडीवर एक गाडी. सकाळच्या पहिल्या चार गाड्या चार जोड्यांवर लागल्या. तिच्या जोडीचा पट्टा निसटला म्हणून ती सगळ्यांत मागे राहिली. पट्टा ह्यांनीच चढवला. पहिल्या चार गाड्या संपल्या, दुसऱ्या चार लागल्या. तिच्या यंत्रात दुसरा कापूस पडायला लागून फार झालं नव्हतं — "भडका!"

बिडी दिसली का? "धूरसुद्धा नई दिसना, आक्का. फिटरभाऊच नई व्हता तठे. पन मले कोनी ईचारंच नई."

ऐकलंस रे रुपचंद?

६ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं! सापडलं!

आगीनंतर प्रेसमध्ये पहिली गाठ अर्धी बांधलेली सापडली होती. सगळ्या गावाने पाहिली. तीन पट्ट्या लागलेल्या, बाकीच्या नाहीत, बाहेरून कोळसा नि आत पांढरीशुभ्र. आता लीलाधर म्हणतो — प्रेस कधी चालू होतो? पहिल्या चार गाड्यांची रुई तयार झाल्यावर. म्हणजे दुसऱ्या चार यंत्रांवर लागल्यावर. म्हणजे आगीच्या वेळी प्रेस चालू होता, पहिलीच गाठ दाबत होता. आणि मोसमाची पहिली गाठ दाबताना प्रेसवर कोण उभा लागतो? फिटर! त्याच्याशिवाय प्रेस हलत नाही. हे प्रेसवर होते. आवाराच्या त्या टोकाला. पाचव्या यंत्रापासून साठ पावलं!

मी फिटरचा चिंचोका (चुन्याचा ठिपका लावलेला) प्रेसवरून उचलून पाचव्यावर ठेवून पाहिला. प्रेस बंद पडला. गाठच होईना. तीनदा केलं. तीनदा बंद!

अकरा वर्षं कोणी मांडून पाहिलं नाही. मी पाहिलं. चौथी पास.

९ नोव्हेंबर

सोळा तारखेला सगळ्या सभासदांची सभा. लीलाधर नव्या जिनाचा नमुना दाखवणार. त्यानंतर मी.

त्याची चुळबुळ चालली आहे. "आजी, तो माझा चेअरमन आहे." म्हटलं, "आणि ते तुझे आजोबा होते." जेवताना म्हणाला, "मांडायचं तर नीट मांडू." माझंच रक्त!

११ नोव्हेंबर, दिवाळी

करंज्या केल्या. एकीला रुपचंदच्या तोंडाचा आकार आला. तीच आधी खाल्ली.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवा मोठा करून लिहायला बसले. आनंदाने!

शाळेच्या पटांगणात सतरंजी, मधे पुठ्ठा. लीलाधरने नवा जिन दाखवला, आवार दुप्पट हवं म्हणून पटवलं, लोकांनी माना डोलावल्या. मग मी उठले. डोक्यावरचा पदर सारखा केला. कोणी तरी म्हणालं, "बिडीवाली आजी काय बोलतेय?" म्हटलं, बोलत नाही, खेळते. बघा.

अकरा चिंचोके ठेवले. धुरपदाबाई शेजारी बसली, डाव्या हाताने सरकवत गेली. पहिल्या चार. दुसऱ्या चार. अर्धी गाठ. सगळ्यांनी गाठ पाहिलेली, 'हो हो' म्हणत होते. मग मी विचारलं — "ही गाठ दाबताना फिटर कुठे?" भिकन तेली, त्याचीही गाडी जळाली होती, तोच ओरडला — "प्रेसवर! दुसरीकडे कसा असेल?"

आणि मग मी नाव घेतलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर आज. "जीवराम फिटर प्रेसवर होता. पाचव्यावर नव्हता. चेअरमनसाहेब, तुमच्या डोळ्यांना साठ पावलांवरून बिडी दिसली?"

रुपचंद उठला. मला वाटलं भांडेल. भांडायला हवं होतं, मी तयारी करून गेले होते! तो म्हणाला, "वहिनी बरोबर सांगताहेत. जीवराम तिथे नव्हता. खोटं बोललो मी." आणि गळ्यातलं उपरणं खुर्चीवर ठेवून खाली उतरला. चेअरमनपण सोडलं म्हणे.

लोक म्हणाले, थू! पोरं मागे लागली — "खोटारडा, खोटारडा." मी थांबवलं नाही. कशाला थांबवू? माझ्या लेकराला कोणी थांबवलं होतं?

येताना धुरपदाने माझ्या कानाशी बोटं मोडली. चिकटलेल्या हाताची मोडत नाहीत, तरी.

गूळ-खोबरं वाटलं दारोदार. ह्यांच्या फोटोला हार.

१७ नोव्हेंबर

अजून हसू येतंय. गाईला सांगितलं सगळं.

लीलाधर मात्र तोंड पाडून. "आजी, तो लगेच कबूल झाला. त्याला त्यातून मिळालं काय होतं? खोटं का बोलला, हे कोणीच विचारलं नाही."

"मेल्याचा स्वभाव!"

"आणि आग कशाने लागली, तेही नाही विचारलं."

शिकलेल्या पोरांना सुखाने बसवत नाही.

१८ नोव्हेंबर

लीलाधर जळगावला गेला. घरात मी नि पुठ्ठा. मजा म्हणून पुन्हा मांडलं. रुपचंदची फजिती पुन्हा बघावी, एवढंच.

धुरपदाने एक गोष्ट बोलता बोलता सांगितली होती, सभेत कामाची नव्हती म्हणून मी घेतली नव्हती. सहावी नि सातवी गाडी दवाने ओली होती, मुकादमाने वाळायला बाजूला काढली. आज म्हटलं, तेही ठेवू. दोन चिंचोके बाजूला.

मग दुसऱ्या फेरीला पाचवी, आठवी, नववी — आणि दहावी. सगळ्यांत शेवटी मोकळी झाली ती धुरपदाची जोडी. पट्ट्यामुळे. म्हणून शेवटची गाडी तिच्या यंत्रात. दहावी.

दहावी आमची.

मी समजत होते, आमचा नंबर लागलाच नव्हता, आवारात जळाली. चुकलं असेल म्हणून पुन्हा मांडलं. पुन्हा पाचव्यावर. चिंचोका उचलून आवारात ठेवला, तर यंत्र रिकामं राहतं, नि धुरपदा म्हणते कापूस पडत होता. नमुन्यात हात मारायचा नाही.

गेटवर खिळा काढला होता का मी?

स्थळ दोंडाईच्याचं. मुलगा स्टेशनात. भोंगा झाला. रुपचंद ओरडला. मग मी घरी आले. तिवाठ्यावर काही टाकलं नाही. 

चुलीत एक बिब्बा टाकून पाहिला. तेल सुटलं नि भस्सकन ज्योत, वीतभर. यंत्राच्या पोलादी पात्यावर खिळा घासून ठिणगी पडली, तर शेजारीच हा बिब्बा.

जेवले नाही.

१९ नोव्हेंबर

रुपचंदच्या घरी गेले. अकरा वर्षांनी. त्याची सून बाहेर आली, मला बघून तशीच आत. तो ओसरीवर एकटा दोरी वळत होता. 

म्हटलं, "पाचव्या यंत्रात काय सापडलं होतं?"

तो घरच्या बोलीत बोलला, सभेतलं मराठी नाही. "वहिनी, मी नई सांगाव. जीवरामभाऊनी आन शे मले." शपथ म्हणे, ह्यांची!

"मीच सांगते. खिळा."

दोरी खाली ठेवली त्याने. आत गेला. देवळीतून पितळी डबी आणली. झाकणावर मोर. आत नालेचा खिळा, वाकलेला, नि काळ्या दोऱ्याचं टोक. करपून बिब्ब्याच्या तेलाने खिळ्याला चिकटलेलं, पण गाठ दिसते. तीन पदरी.

रुपचंदलाच तो सापडला होता, यंत्राच्या रुळात अडकलेला. हे धावत आले नि गाठ ओळखली. आपली चुन्याची डबी रिकामी केली, खिळा त्यात घातला नि त्याच्या हातात दिली. "बिडी सांग. माझी सांग. बिडीचं लोक चार वर्षांत विसरतील. अकरा घरांचा कापूस जळाला नि यंत्रात तिच्या हातचा बिब्बा-खिळा निघाला म्हटलं तर करणी म्हणतील. तिला गावात जगू देणार नाहीत."

"परवा सभेत तरी सांगायचं होतंस!"

"कसं सांगू? तठे तुम्हीच तर उभ्या व्हत्या."

डबी मी पदराला बांधली. 

त्याच्या दारात पोरं अजून ओरडत होती, खोटारडा म्हणून. जाऊन दोघांच्या पाठीत धपाटे घातले. त्याने काय होतंय.

२० नोव्हेंबर

लीलाधरला डबी दाखवली. बराच वेळ उघडझाप करत बसला. म्हणाला, नव्या जिनात गेटवरच प्रत्येक गाडी उपसून बघायची, लोहचुंबक फिरवायचं, तशी जागा आराखड्यात काढतो. आणि रुपचंदकाकांना परत बोलवायला सभा घ्यायला लावतो. 

"काय सांगशील सभेत?"

"ते तू सांगायचं की नाही ते तू ठरव, आजी."

अकरा वर्षं सूड सूड म्हणत बसले. आणि आग लावणारी गाठ माझ्याच हातची निघाली.

सभेत सांगेन. पण सभेच्या आधी एकीला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मी निघणार तर धुरपदाच दारात. हातात बिब्बा, खिळा, मिरची. "आक्का, मन्ही पहिली गाडी निंघनी. बांधी द्या. तुमना हातनी गाठ कधी सुटत नई."

तिचा तो हात धरून आत आणलं. म्हटलं, "बैस. आज सोडते."